हिशोब विचारणारी सभासद

माणदेशातील एका गावातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्या सात वर्षांपासून बारा जणींच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. पत्रातील मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते :

‘गट सुरू झाला तेव्हा बारावी झालेली मी एकटीच होते, म्हणून सगळ्यांनी मला अध्यक्ष केले. सचिव आणि कोषाध्यक्ष नावाला आहेत. सह्या त्या करतात, बाकीचे सगळे मीच बघते. दर महिन्याची बैठक, प्रत्येकीची शंभर रुपये बचत, कर्जाचे हप्ते, प्रोसिडिंग लिहिणे, बँकेतला भरणा, सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्ती) ताईंचे फोन, सगळे माझ्याकडे. बँकेचा एकही हप्ता आजवर चुकला नाही. कोणाला काही विचारले तर उत्तर ठरलेले : “ताई, तुम्हीच बघा.” गेल्या बैठकीत दोन वर्षांपूर्वी गटात आलेल्या एका सुनेने सगळ्यांसमोर विचारले, “मागच्या वर्षी व्याजाचे किती जमले? वही बघायला मिळेल का?” मला फार लागले. “एवढा विश्वास नसेल तर तूच घे वह्या,” असे मी बोलून गेले. तेव्हापासून ती गप्प आहे. दुसरी गोष्ट कोणालाच माहीत नाही. माझ्या जावेने गटातून वीस हजारांचे कर्ज घेतले. तीन हप्ते भरले आणि मग थांबली. घरात वाद नको म्हणून पुढचे चार हप्ते मी माझ्या पैशांतून भरले. आता मी ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) कार्यकारिणीत यावे असा आग्रह आहे आणि सीआरपी ताई म्हणतात, गटाचे पदाधिकारी बदला. पण द्यायचे कोणाकडे? एकीला वाचता येत नाही, एकीला गुरांमुळे वेळ नाही, एक नुसती बोलत असते, आणि ही नवी तर अशी. मी सोडले तर वर्षात गट मोडेल. खरे सांगायचे तर, पद गेल्यावर मला कोण विचारणार, असेही मनात येते.’

ताई, सप्रेम नमस्कार.

बारा जणींची दरमहा शंभर रुपये बचत म्हणजे वर्षाला 14,400 रुपये आणि सात वर्षांत 1,00,800 रुपये होतात. ही रक्कम मजुरीच्या, दुधाच्या आणि शिवणकामाच्या पैशांतून बाजूला निघालेली आहे. ती गटात कर्जाऊ फिरली आहे, आणि तिच्या आधाराने बँकेने दिलेले पैसेही वेळेवर फिटत आले आहेत. हे घडावे म्हणून कोण उन्हातान्हात बँकेच्या ओळीत उभे राहिले, ते आपल्या सभासदांना ठाऊक आहे, जरी त्या ते बोलून दाखवत नसल्या तरी. मी हे सुरुवातीलाच लिहिते, कारण पुढे काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणार आहे आणि त्या वाचताना आपल्या कष्टांना कोणी कमी लेखते आहे असे आपल्याला वाटू नये.

आपण चार प्रश्न विचारले आहेत, परंतु माझ्या मते त्या सुनेने विचारलेल्या प्रश्नात उरलेल्या सर्व प्रश्नांचे उत्तर आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळते. तिने वही पाहायला मागितली. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना पहिल्या दिवसापासून जी पंचसूत्री शिकवली जाते, तिच्यात नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार आणि नियमित परतफेड यांच्या बरोबरीने पाचवे सूत्र अद्ययावत लेख्यांचे आहे. हे लेखे अध्यक्षाच्या कपाटासाठी नसतात. ते दर बैठकीत सर्वांसमोर वाचले जावेत अशी त्यामागची कल्पना आहे. दोन वर्षांत त्या मुलीने आपल्या संसारातून 2,400 रुपये गटात आणून ठेवले आहेत. त्या पैशांवर किती मिळाले हे विचारण्याचा तिला अधिकार आहे आणि तिने तो बैठकीत, आपल्या तोंडावर, सभ्य शब्दांत बजावला. हाच प्रश्न तिने नळावर किंवा दळणाच्या गिरणीत दुसऱ्या कोणाला विचारला असता, तर आपल्याला तो कधी समजलाही नसता आणि त्याला उत्तर देण्याची संधीही मिळाली नसती.

आपल्याला लागले, ते मी समजू शकते. सात वर्षे निःस्वार्थपणे राबल्यावर कोणी हिशोब विचारला की आपल्या प्रामाणिकपणावर बोट ठेवल्यासारखे वाटते. पण तिचा प्रश्न साधा गणिताचा होता, आणि हे गणित आपल्या गटातल्या किती जणींना येते, याचा विचार आपण करावा. एक उदाहरण घ्या. गटातून दहा हजार रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले आणि दर महिन्याला हजार रुपये मुद्दल फेडत दहा महिन्यांत कर्ज संपवले. व्याज घटत्या शिलकीवर धरले तर पहिल्या महिन्यात 200, दुसऱ्या महिन्यात 180, असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्यात 20 रुपये होते आणि एकूण व्याज 1,100 रुपये भरते. तेच व्याज सुरुवातीच्या मुद्दलावर सरळ धरले तर दरमहा 200 प्रमाणे 2,000 रुपये होतात. दर तोच, मुदत तीच, पण फरक 900 रुपयांचा. आपल्या गटात यांपैकी कोणती पद्धत चालते, हे बारापैकी किती जणी सांगू शकतील? आपण एकट्याच सांगू शकत असाल, तर बाकीच्या अकरा जणींचा विश्वास आपल्या चांगुलपणावर उभा आहे, हिशोबावर नाही. असा विश्वास मनाला सुखावतो, पण तो आपले रक्षण करत नाही. गावात एखादी अफवा उठली तर आपल्या बाजूने वही उघडून बोलू शकेल अशी एकही स्त्री आपल्याजवळ नसेल.

आणि बायकांना हिशोब येत नाही, असे म्हणण्याचे धाडस निदान माणदेशात तरी कोणी करू नये. आपल्याच भागात, म्हसवडला, 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिचा परवान्यासाठीचा आधीचा अर्ज रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला होता, कारण प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्या अनेक स्त्रिया निरक्षर होत्या आणि त्यांनी अर्जावर अंगठे उठवले होते. त्या स्त्रिया अक्षरओळखीच्या वर्गात बसल्या, आणि बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या तेव्हा त्यांनी उलट आव्हान दिले, की कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही यंत्राशिवाय तोंडी सांगतो. परवाना मिळाला. आपल्या गटातल्या ज्या सभासदाला वाचता येत नाही असे आपण लिहिले आहे, तिला मागच्या तीन बैठकांत कोणाचा हप्ता कमी आला होता ते विचारून पाहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लक्षात ठेवावेच लागते, आणि अशा स्त्रियांची स्मरणशक्ती किती पक्की असते याचा अनुभव बचत गटांच्या बैठकांना बसणाऱ्या प्रत्येकाने घेतला असेल.

तेव्हा पहिले काम असे. पुढच्या बैठकीची वाट न पाहता आपण स्वतः तिच्या घरी जावे. तिला आपल्याकडे बोलावू नये. तिच्या सासूबाई घरात असतील तर त्यांच्यासमोरच सांगावे की तिचा प्रश्न योग्य होता आणि आपण तोडून बोललो ते बरोबर झाले नाही. मोठ्या बाईने लहान सुनेच्या दारात जाऊन असे म्हणावे, हे आपल्याकडे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण ते सासूसमोर म्हटल्याने त्या मुलीचे घरातले स्थानही सावरेल. ‘गटात जाऊन भांडून आली’ असा शिक्का तिच्यावर बसला असण्याची शक्यता मला वाटते, आणि तसे झाले असेल तर तो शिक्का आपल्याशिवाय दुसरे कोणी पुसू शकत नाही. त्यानंतर बैठकीत वर्षाचा हिशोब सर्वांसमोर वाचायचा आणि तो वाचण्याची विनंती तिला करायची. मात्र ‘तूच घे वह्या’ हे वाक्य आपण रागात उच्चारलेले आहे. त्यामुळे लगेच सगळ्या वह्या तिच्या हातात दिल्या तर ती शिक्षा वाटेल. आरंभी नुसते वाचन पुरे.

आता जावेच्या कर्जाविषयी. आपण पत्रात हा मुद्दा चार ओळींत सांगून पुढे गेलात, पण मला तो सर्वांत गंभीर वाटला, आणि वही पाहायला मागितल्यावर आपल्याला एवढे का लागले याचे निम्मे कारणही कदाचित तेथेच असावे. वीस हजारांचे कर्ज, दरमहा दोन हजार मुद्दल आणि शेकडा दोन रुपये घटते व्याज असे आपण कळवले आहे. त्या हिशोबाने चौथ्या ते सातव्या हप्त्यापर्यंत आपण आठ हजार मुद्दल आणि 880 रुपये व्याज, म्हणजे 8,880 रुपये स्वतःच्या पैशांतून भरले. गटाचे पैसे बुडाले नाहीत, हे खरे. परंतु वहीत जावेच्या नावापुढे चार हप्ते वेळेवर जमा दिसतात आणि ते तिने भरलेले नाहीत. म्हणजे आपल्या वहीत, अगदी सद्भावनेने का होईना, चार खोट्या नोंदी झाल्या आहेत.

हे मी इतक्या कठोर शब्दांत का लिहिते, ते सांगते. नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये 500 गटांना बँकांशी जोडण्याचा जो पथदर्शी प्रकल्प हाती घेतला, त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट ही होती की ज्या स्त्रियांच्या नावावर जमीन नाही, घर नाही, त्यांना बँकांनी तारणाशिवाय कर्ज द्यायचे. तारणाच्या जागी काय होते? नियमित बैठका, नियमित बचत आणि त्यांची साक्ष देणारी वही. आजही बँकेचा अधिकारी किंवा अभियानाचे लोक गटाची श्रेणी ठरवताना तीच वही पाहतात. तिच्यातली नोंद खरी असते एवढ्याच विश्वासावर हा सगळा व्यवहार उभा आहे. शिवाय जावेला कळून चुकले आहे की हप्ता न भरला तरी काही होत नाही, आणि आपण मात्र अध्यक्ष या नात्याने दुसऱ्या एखाद्या सभासदाकडे थकबाकी मागायला गेलात तर आपल्या आवाजात पूर्वीचे बळ राहणार नाही. घरातल्या माणसाला झाकून आपण घरातला वाद टाळला खरा, पण त्याची किंमत गटाने मोजली, आणि ती त्यांना न विचारता मोजली.

उपाय आहे, आणि तो लाजिरवाणा होऊ द्यायचा की नाही हे बरेचसे आपल्याच हातात आहे. प्रथम जावेशी एकांतात बोला. हे बैठकीत मांडावे लागणार आहे, हे तिला आधी सांगा. तिला ते तिऱ्हाइताकडून किंवा भर बैठकीत कळू देऊ नका. ती हप्ता भरू शकत नाही की भरत नाही, हे त्याच वेळी समजून घ्या, कारण या दोन गोष्टींना गटाने वेगवेगळे उत्तर द्यायचे असते. आजारपण असेल, शेळी मेली असेल, तर उरलेल्या सहा हजारांचे हप्ते लहान करून मुदत वाढवता येते. पैसे असून टाळाटाळ असेल, तर गटाने दंडाचा जो नियम केला असेल तो तिलाही लागू होतो. मग बैठकीत हा विषय येईल तेव्हा अध्यक्षस्थानी आपण बसू नका. तेवढ्या विषयापुरते सचिवांना बैठक चालवायला सांगा आणि जे घडले ते स्वतः सांगा : एवढे हप्ते मी भरले, मी ते गटाला सांगितले नाही, यापुढे भरणार नाही. इतिवृत्तात तशी नोंद करून घ्या. 8,880 रुपये ही आपली आणि जावेची घरातली देवघेव राहू द्यावी असे मी सुचवीन, गटाकडून ते परत मागू नयेत. उरलेल्या सहा हजारांचा निर्णय मात्र गटाचा आहे, आणि तो होत असताना आपण मत देऊ नये. आपल्याला भीती वाटत असेल की हे ऐकून सभासद दूर जातील. मला तसे वाटत नाही. ज्या अध्यक्षाने आपणहून सांगितले तिच्यावर गावातल्या बायका रागावतात, पण तिला सोडत नाहीत. उद्या कोणी शोधून काढले तर मात्र सात वर्षांचे काम त्या चार नोंदींच्या सावलीत जाईल.

येथे आणखी एक गोष्ट आपण पाहावी. बँकेचे कर्ज गटाच्या नावावर असते. ते घेताना सर्व सभासद आपापसातल्या करारनाम्यावर सह्या करतात आणि त्या करारानेच पदाधिकाऱ्यांना व्यवहाराचे अधिकार मिळतात. म्हणजे परतफेडीची जबाबदारी बारा जणींवर आहे. आपण ती एकटीने अंगावर घेतलीत. ‘एकही हप्ता चुकला नाही’ या अभिमानापोटीच आपण जावेचे हप्ते भरलेत ना? हप्ता चुकण्याची वेळ येणे ही गटाच्या आयुष्यातली एक आवश्यक परीक्षा असते, कारण त्या वेळी बाराही जणी गोल बसून ‘आता काय करायचे’ असे एकमेकींना विचारतात. आपल्या गटावर ही वेळ आपण कधी येऊच दिली नाही.

‘ताई, तुम्हीच बघा’ हे उत्तरही यातूनच तयार झाले आहे. आपण त्याकडे बायकांचा आळस म्हणून पाहता. थोडा आळस असेलही. पण आपल्या बैठका कशा चालतात ते जरा आठवून पाहा. विषय कोण मांडते? पहिले मत कोण देते? एखादीने दोन हजार कर्ज मागितले तर ती कोणाच्या तोंडाकडे बघते? सर्वांत शिकलेल्या आणि सर्वांत जाणत्या बाईने आधी मत दिले की बाकीच्यांना बोलण्याचे कारण उरत नाही, आणि चार-दोन वर्षांत त्यांची विचार करण्याची सवयही मोडते. पुढचे काही महिने आपण एक पथ्य पाळा. कर्जमागणी आली की आपण सर्वांत शेवटी बोलायचे. शांतता पसरेल आणि ती आपल्याला असह्य होईल. त्या शांततेत प्रोसिडिंगचे पान उलटत बसा, पण बोलू नका. कोणीतरी बोलेल. ती जे सुचवेल ते आपल्या मतापेक्षा थोडे कमी बरोबर असले आणि त्याने गटाचे मोठे नुकसान होणार नसेल, तर तोच ठराव होऊ द्या. सूचक म्हणून तिचे नाव लिहा आणि ते नाव मोठ्याने वाचा. ज्या बाईचे नाव आजवर फक्त थकबाकीच्या यादीत वाचले गेले, तिला ते ठरावात ऐकू येण्याचे महत्त्व आपल्याला पुढच्या बैठकीत तिच्या बसण्यावरून दिसेल.

आता कोणाकडे द्यायचे. आपण तीन-चार जणींची वर्णने केली आहेत आणि प्रत्येक वर्णन तिच्यातल्या उणिवेने केले आहे. मी तीच वर्णने वाचली आणि मला दुसरेच दिसले. जिला गुरांमुळे वेळ नाही, ती डेअरीला दूध घालते. म्हणजे दर वेळी फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन पदार्थ) किती लागले हे ती पावतीवर पाहते आणि दहा दिवसांच्या पगारात काही रुपये कमी आले तर तिच्या लक्षात येते. कोषाध्यक्षाला याहून वेगळे काय लागते? जी ‘नुसती बोलत असते’, तिला बँकेत साहेबांसमोर बोलायला संकोच वाटणार नाही, आणि गटाच्या कर्जाचा प्रस्ताव टेबलावर पडून राहिला तर त्याचा पाठपुरावा करायला अशीच बाई हवी. जिला वाचता येत नाही, तिला वसुलीची आठवण ठेवण्याचे काम द्यावे, आणि त्याच्या जोडीला सही व आकडे शिकवावेत. आणि जिने प्रश्न विचारला, तिच्या हातात लेखन हळूहळू यावे. प्रश्न विचारणाऱ्याला हिशोबाची आस्था असते. जी कधीच काही विचारत नाही तिच्या हाती वही देणे हा खरा धोका होय.

मात्र काम एकदम सोपवून बाजूला होऊ नका. दळणाचे जड दगडी जाते दोघी समोरासमोर बसून ओढतात, खुंट्यावर दोघींचेही हात असतात आणि जिला सवय नाही तिला जोडीच्या हाताने लय सापडते. निदान सहा महिने तसे चालू द्या. बैठकीत ती लिहील, आपण शेजारी बसाल. ती चुकेल. चुकलेल्या नोंदीवर एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची, पांढरा रंग लावायचा नाही, पान फाडायचे नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. नव्या लेखनिकेला सर्वांत मोठी भीती चूक होण्याची असते, आणि चूक दुरुस्त करण्याची रीत ठाऊक असली की ती भीती बरीच कमी होते. घरी नेऊन रात्री तिचे पान पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहून काढण्याचा मोह आपल्याला नक्की होईल. तो आवरा. आपण एकदा ते पान पुन्हा लिहिलेत की ती पुढच्या वेळी लिहिणार नाही, आणि ‘ताई, तुम्हीच बघा’ हे वाक्य परत ऐकू येईल.

बँकेच्या बाजूचे थोडक्यात सांगते. गटाचे बचत खाते उघडताना बँकेला सर्व सभासदांची ओळख-कागदपत्रे लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. सोय चांगली आहे, परंतु तिचा परिणाम असा झाला आहे की सात वर्षांत बँकेने आपल्या गटातले फक्त तीन चेहरे पाहिले, आणि त्यांतलेही दोन सहीपुरते. पदाधिकारी बदलताना बैठकीचा ठराव, नव्या सह्यांचे नमुने आणि नव्या पदाधिकाऱ्यांची कागदपत्रे बँकेत द्यावी लागतात. हा बदल नव्या कर्जाचा प्रस्ताव बँकेत असताना करू नये, कारण सह्या बदलण्याच्या गोंधळात प्रस्ताव अडकतो आणि मग ‘बघा, ताईंनी सोडले आणि कर्ज थांबले’ असे विनाकारण म्हटले जाते. प्रस्ताव देण्याच्या आधी किंवा कर्ज खात्यावर जमा झाल्यानंतर बदल करावा. आणि तेव्हापासून दर महिन्याच्या भरण्याला पदाधिकाऱ्याबरोबर आणखी एक सभासद पाळीपाळीने जावी. एसटीचे भाडे गटाने द्यावे. ज्या बाईने कधी बँकेचा उंबरा ओलांडला नाही, तिला स्वतःच्या हाताने पावती भरून शिक्का मारून घेऊ द्या.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. पद गेल्यावर मला कोण विचारणार, हे आपण ज्या प्रामाणिकपणे लिहिले आहे त्याबद्दल मला आपल्याविषयी फार आदर वाटला. माहेरी कोणाची मुलगी, सासरी कोणाची सून, पुढे कोणाची आई अशी ओळख लाभलेल्या बाईला ‘अध्यक्ष’ ही स्वतःच्या कामाने मिळालेली पहिली ओळख असते. ती सोडणे जिवावर येते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण आपल्याला मिळणारा मान पदाला आहे की माणसाला, हे आपल्याला आजवर तपासताच आलेले नाही, कारण पद आणि आपण या सात वर्षांत कधी वेगळे झालाच नाहीत. माझा अंदाज असा आहे की बायका आपल्याकडे येत राहतील. मात्र त्या वेगळ्या कामांसाठी येतील. मुलीला पुढे शिकवायचे की नाही, दवाखान्यात कोणाबरोबर जायचे, सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे, ही कामे कोणत्याही वहीत नसतात आणि त्यांना आपल्यासारखी बाई लागते. सुरुवातीचे काही महिने मात्र रिकामे वाटतील, हेही मी लपवत नाही. आपल्या मागे गटाने घेतलेला एखादा निर्णय आपल्याला पटणार नाही आणि जीव तळमळेल. त्या वेळी साध्या सभासदासारखे हात वर करून बैठकीत बोलायचे, बैठकीनंतर कोणाच्या ओट्यावर बसून बोलायचे नाही. माजी अध्यक्षाने हे एवढे सांभाळले तरी नव्या अध्यक्षावर मोठे उपकार होतात.

ग्रामसंघाच्या कार्यकारिणीत आपण जरूर जावे. तेथे आपल्या गटाखेरीज गावातल्या इतर गटांचेही प्रश्न येतात, आणि प्रत्येक गटाची प्रतिनिधी आपल्याइतकीच अनुभवी व आपल्याइतकीच स्वतःच्या मताची असेल. बारा जणींमध्ये सर्वांत जाणती असण्याची सवय झालेल्या बाईला जाणत्या बायकांमध्ये बसून ऐकून घेण्याचा सराव तेथे मिळेल, आणि मला वाटते या टप्प्यावर आपल्या स्वतःच्या वाढीसाठी तोच सर्वांत उपयोगाचा आहे. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि आज गावोगाव सदस्य किंवा सरपंच म्हणून काम करणाऱ्या कितीतरी स्त्रियांनी सभेत बोलण्याचा पहिला धडा बचत गटाच्या बैठकीत घेतला आहे. आपल्यापुढे ती वाट असेल तर चांगलेच आहे. पण तिकडे जाताना गटाच्या वह्याही काखेत घेऊन जाऊ नका. दोन्हीकडे सगळे स्वतःच बघायचे ठरवले तर आपली प्रकृती आधी बिघडेल आणि गट नंतर.

क्रम मात्र असाच ठेवा : आधी त्या मुलीच्या घरी जाणे, मग जावेशी बोलणे, मग बैठकीत दोन्ही विषय मांडणे, आणि पदाचा बदल त्यानंतर. जावेचा विषय न मांडता पद सोडलेत, तर नवी अध्यक्ष आपल्या चार खोट्या नोंदींसकट वह्या ताब्यात घेईल आणि पुढे त्याचे उत्तर तिला द्यावे लागेल. ते तिच्यावर अन्यायाचे होईल. बैठक झाल्यावर सभासद काय म्हणाल्या, विशेषतः त्या सुनेने हिशोब वाचला का, ते मला अवश्य कळवा.

आपली,
सदरलेखिका